‘फ्युचरामा’चे पुनरुज्जीवन की पुनरागमन?

प्रश्न : ‘फ्युचरामा’ ही अमेरिकन ॲनिमेशन मालिका २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्या चाहत्यांच्या प्रतिक्रियांवर लेख लिहिताना ‘रिव्हायव्हल’ला पुनरुज्जीवन म्हणावे, पुनरागमन की रिबूट? आणि ‘प्रौढ ॲनिमेटेड मालिका’, ‘पुनरागमनाला संमिश्र प्रतिक्रिया’ हे प्रयोग बरोबर आहेत का?

उत्तर : मुख्य शब्द म्हणून ‘पुनरागमन’ घ्यावा. ‘पुनरुज्जीवन’ चूक नाही, पण मराठी वाचकाच्या मनात त्याला रंगभूमीचा पक्का अर्थ आहे. नाटकाचे पुनरुज्जीवन म्हणजे जुनीच संहिता, नवे कलाकार. जाहिरातीत ‘नव्या संचात’ छापले की प्रेक्षकाला बाकी काही सांगावे लागत नाही. ‘फ्युचरामा’त नेमके उलटे झाले. संच मूळचा आणि संहिता नवी. तेव्हा ‘फ्युचरामाचे पुनरुज्जीवन’ एवढेच लिहिले, तर जुने भाग नव्या आवाजांत पुन्हा केले असा समज होण्याचा धोका खरा आहे.

आणि चाहत्यांचा पहिला मोठा संताप या संचावरूनच झाला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये हुलू या स्ट्रीमिंग सेवेने नव्या भागांची घोषणा केली, तेव्हा बेंडर या यंत्रमानवाचा आवाज असलेले जॉन डिमाजिओ यांचा करार झालेला नव्हता. दुसरा कोणी बेंडर बोलणार ही कल्पनाच चाहत्यांना सोसेना. समाजमाध्यमांवर ‘बेंडरगेट’ असा हॅशटॅग चालला. मार्चच्या सुरुवातीला डिमाजिओ परतत असल्याचे जाहीर झाले आणि वादळ शमले. मराठीत हे सांगायला ‘मालिका मूळ संचात परतली’ हे वाक्य पुरते. ‘बेंडरगेट’ एकदा अवतरणात द्यावे आणि पुढे ‘बेंडर प्रकरण’ लिहावे. वॉटरगेटपासून इंग्रजीत वादांच्या नावांना लागणारा ‘गेट’ जे काम करतो ते आपल्याकडे ‘प्रकरण’ कधीपासून करत आले आहे.

पुनरागमनाची आणखी एक सोय म्हणजे ते मोजता येते. मालिका फॉक्स वाहिनीवर मार्च १९९९ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २००३ मध्ये थांबली. २००७ ते २००९ या काळात थेट डीव्हीडीवर चार चित्रपट आले, २०१० ते २०१३ कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर नवे भाग आले आणि २४ जुलै २०२३ पासून हुलूवर. म्हणजे हे तिसरे पुनरागमन. ‘तिसरे पुनरुज्जीवन’ वाचताना जीभ अडखळते.

‘पुनरुज्जीवन’ राखून ठेवावे ते कर्ता कंपनी असेल तेव्हा : ‘हुलूने मालिकेचे पुनरुज्जीवन केले.’ आगमन मालिका स्वतः करते, उज्जीवन तिच्यावर कोणीतरी करते. नाराज चाहत्यांचे म्हणणे मांडताना हा फरक फार उपयोगी पडतो. २०१३ च्या शेवटच्या भागात काळ गोठतो, फ्राय आणि लीला ही नायक-नायिका दोघेच एकमेकांच्या सोबतीने म्हातारे होतात, आणि कथेचे वर्तुळ पुरे होते. हा शेवट ज्यांना प्रिय होता, त्यांची तक्रार मालिका परतल्याची नव्हती. संपलेली गोष्ट कोणीतरी पुन्हा उघडली, ही तक्रार होती. तिथे ‘पुनरुज्जीवन’च नेमका शब्द आहे. याउलट ‘फॅमिली गाय’ ही दुसरी अमेरिकन ॲनिमेशन मालिका २००२ मध्ये बंद होऊन २००५ मध्ये परतली ती डीव्हीडींचा खप आणि पुनःप्रसारणाला मिळालेला प्रेक्षक यांच्या बळावर. तिथे ‘चाहत्यांनी मालिका परत आणली’ हे साधे क्रियापद सर्वांत खरे.

‘रिबूट’ इथे वापरू नये. रिबूटमध्ये पाटी कोरी होते आणि पात्रे नव्याने ओळख करून देतात. २०२३ चा पहिला भाग तर गोठलेल्या काळापासूनच पुढे सुरू होतो.

आता ‘संमिश्र प्रतिक्रिया’. प्रतिसाद एखाद्या गोष्टीला मिळतो, प्रतिक्रिया एखाद्या गोष्टीवर उमटते. म्हणून ‘पुनरागमनाला संमिश्र प्रतिसाद’ किंवा ‘पुनरागमनावर संमिश्र प्रतिक्रिया’. ‘पुनरागमनाला प्रतिक्रिया’ ही दोन्हींची खिचडी आहे. प्रतिसादात किती लोकांनी पाहिले हेही येते, प्रतिक्रियेत फक्त काय म्हणाले ते येते. तुमचा विषय चाहते काय म्हणाले हा आहे, तेव्हा ‘प्रतिक्रिया’च ठेवा. मात्र ‘संमिश्र’ या शब्दावर थांबू नका, कारण त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. काय आवडले ते लिहा : २००३ च्या एका भागात किफ या परग्रहवासी पात्राची पिल्ले दलदलीत सोडली होती आणि ती वीस वर्षांनी परततील असे सांगितले होते, २०२३ मध्ये ती खरोखर परतली, आणि जुन्या प्रेक्षकांना त्याचा मनापासून आनंद झाला. काय खटकले तेही लिहा : लस, आभासी चलन, ऑनलाइन खरेदी यांवरचे भाग. ॲनिमेशनचा भाग लिहिण्यापासून पडद्यावर येईपर्यंत बरेच महिने जातात, त्यामुळे चालू घडामोडींवरचा विनोद प्रसारणाच्या दिवशी शिळा वाटू लागतो. यासाठी ‘शिळा’ हाच शब्द घ्यावा. ‘कालबाह्य’ त्याहून जुन्या गोष्टीला लागतो.

‘प्रौढ ॲनिमेटेड मालिका’ व्याकरणाने टिकते. ‘प्रौढ शिक्षण’ याच घडणीचा शब्द आहे. पण ‘प्रौढ’ मालिकेलाच लागतो आणि ती गंभीर, पोक्त असल्यासारखी वाटते. ‘केवळ प्रौढांसाठी’ म्हटले की सेन्सॉरचे ‘ए’ प्रमाणपत्र आठवते. ‘मोठ्यांसाठीची ॲनिमेशन विनोदी मालिका’ हे स्वच्छ आहे. ‘कार्टून’ टाळलेले बरे, त्यात लहान मुले गृहीत असतात.

‘सीझन’साठी ‘पर्व’ घ्या, दूरचित्रवाणीवर तोच रुळला आहे. ‘हंगाम’ क्रिकेटला आणि आंब्याला शोभतो. क्रमांक देताना मात्र जपा. २०२३ चे पर्व निर्मितीच्या क्रमाने आठवे आणि प्रसारणाच्या क्रमाने अकरावे आहे. कोणता क्रम धरला ते पहिल्याच उल्लेखात सांगावे, नाहीतर जाणकार चाहते तीन पर्वे कुठे गेली म्हणून विचारतील.

लेखनाचे थोडे. पुनर् + उज्जीवन, म्हणून ‘रु’ ऱ्हस्व आणि ‘ज’ला ‘ज’ जोडलेला : ‘पुनरूज्जीवन’ आणि ‘पुनरुजीवन’ दोन्ही चूक. ‘पुनरुज्जीवित’मध्ये ‘वि’ ऱ्हस्व. ‘पुनःप्रसारण’मध्ये पुढे ‘प’ असल्याने विसर्ग तसाच राहतो, ‘पुनर्निर्मिती’त त्याचा रफार होतो.