ताट घेऊन चुलीपाशी जा

"ताई, मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय 22. सरकारी भरतीची तयारी करते. पुण्याला राहणं परवडत नव्हतं म्हणून ऑनलाइन बॅच घेतली. फी साडेनऊ हजार, बाबांनी घरात ठेवलेलं सोयाबीन विकून भरली. दिवसाचे आठ-नऊ तास मोबाइलवर लेक्चर. रात्री नेट बरं चालतं म्हणून दोन-तीनपर्यंत जागते. दोन महिन्यांपासून आडवी झाले की छाती धडधडते, वाचलेलं लक्षात राहत नाही. परवा टेस्टमध्ये वसंतराव नाईक समितीचा प्रश्न चुकला आणि मी तासभर रडले. आई खूप समजून घेते, काही काम सांगत नाही, ताटही खोलीतच आणून देते. बाबा मात्र रोज टोमणा मारतात, 'काय शिकली वं आज?' त्यांना कसं समजावू?"

बाबांना काही समजावू नकोस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ताटाशी अडले. तू ते सहज लिहून गेलीस, आईच्या कौतुकात. मला सांग, घरच्यांसोबत पंगतीला बसून तू शेवटची कधी जेवलीस?

तुझ्या आईचा मला राग आलाय. माया आहे तिची, ते दिसतंच. पण "तिले काही सांगू नका, अभ्यास करू द्या" म्हणत तिने तुला तुझ्याच घरात पाहुणी करून ठेवलंय. पाहुणीला कोणी काम सांगत नाही, तिच्याशी कोणी भांडत नाही, वेचणीला बाया मिळाल्या की नाही हेही तिच्या कानावर घालत नाही. आणि मग ती पाहुणी एकटी बसून एकच हिशोब करत राहते: आपल्यावर किती खर्च झाला. सोयाबीनचा 2024-25 चा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. तो धरला तरी तुझी फी म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल, आणि बाजारात बहुतेकांना तेवढाही भाव मिळाला नाही. हे तुला पाठ आहे. म्हणून एक प्रश्न चुकला की तुला दोन पोती वाया गेलेली दिसतात. तासभर रडणं त्याचं होतं, नाईक समितीचं नव्हतं.

पुण्याच्या अभ्यासिकेतल्या मुलीचाही तो प्रश्न चुकतो गं. पण शेजारची म्हणते, "माझाही गेला," आणि दोघी चहाला उठतात. रेकॉर्ड केलेल्या लेक्चरात शेजारीण नसते. तुझ्याकडे तिच्या जागी घर होतं, आणि त्याचंच दार तुम्ही मायलेकींनी मिळून लावून घेतलंत.

आता बाबा. दिवसभर राबून आलेला माणूस रोज न चुकता विचारतो, आज काय शिकली. तुला त्यात टोमणा ऐकू येतो, कारण तुझं मन आधीच अपराधी झालंय. मला त्यात तुझी वाट पाहणारा बाप दिसतो. शिवाय अभ्यासाला याहून चांगली सवय नाही. शिकलेलं वही मिटून दुसऱ्याला सांगितलं की ते नुसत्या पुन्हा वाचण्यापेक्षा पक्कं बसतं, हे मानसशास्त्रात अनेकदा तपासून झालंय. मग सांग त्यांना. नाईकसाहेब पुसदकडच्या गहुलीचे, म्हणजे तुमच्याच भागातले. समिती 1960 ची, अहवाल 1961 चा, आणि त्यावरूनच 1 मे 1962 पासून राज्यात जिल्हा परिषद, पंचायत समिती आली. सालं बाबांना ठाऊक नसतील. पण 1972 च्या दुष्काळात तेच मुख्यमंत्री होते, आणि त्या वर्षी खडी फोडायला गेलेल्या माणसांच्या गोष्टी तुझ्या घरात कोणीतरी ऐकलेल्या असणारच. त्या ऐक. मग नाईक समितीचं साल पुन्हा विसरून दाखव.

जागरण बंद कर. लेक्चर रात्री डाउनलोड करून ठेव आणि दहाला झोप. दिवसभराचं वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं काम झोपेतच चालतं, आणि तू झोपच कापते आहेस.

धडधडीचं मात्र अंगावर काढायचं नाही. याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. अंगात रक्त कमी असलं तरी छाती धडधडते, थकवा येतो, आणि आपण ते मनाच्या खात्यावर लिहून मोकळे होतो. रक्त ठीक निघालं आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर 14416 ला फोन लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगणंच नको असा विचार एकदा जरी आला, तर पंधरा दिवस थांबायचं नाही, त्याच क्षणी फोन करायचा आणि आईला उठवायचं.

बाकी सगळं नंतर. आज रात्री आई ताट घेऊन दाराशी येईल. ते तिच्या हातातून घे, मोबाइल खाटेवर राहू दे, आणि तिच्या मागोमाग चुलीपाशी जाऊन बाबांच्या शेजारी बस. ती म्हणेल, "अवं, तुह्या अभ्यासाचं काय?" तिला म्हण, "भाकर वाढ."