स्वीडनमधल्या खेड्यात पाहुणे म्हणून राहायचंय?

पहिल्यांदाच जाताय, तर एवढंच सांभाळा. बूट दारातच काढायचे, ती सवय आपल्याला असतेच. घोळ होतो तो वेळेचा. सहाचं जेवण म्हणजे सहालाच! उठताना ‘ताक फ्यॉर मातेन’ म्हणा, म्हणजे जेवणाबद्दल आभार, आणि आपलं ताट आपण उचला.

- शाकाहारी असाल तर आठवडाभर आधी कळवा. ऐनवेळी लोणच्यातला हेरिंग मासा समोर आला की दोघांचीही पंचाईत.
- शनिवार-रविवारी बस फार कमी. न्यायला कोण येणार ते आधीच ठरवा.
- जूनमध्ये रात्र नीट काळोखी होत नाही. डोळ्यांवरची पट्टी आणि डासांचं मलम न्या.

रोजचा दिवस भटकंतीने भरू नका. दुपारच्या फिकाला, कॉफी आणि दालचिनीच्या बनला, घरी असा. खऱ्या गप्पा तिथेच होतात. ऑगस्टमध्ये जंगलातल्या ब्लूबेरी खुशाल तोडा, कुणाच्या अंगणातल्या मात्र नकोत.