वाचकांचे प्रश्न : दबा धरणारा पाइक

प्रश्न : उत्तरेकडच्या थंड देशांतील तळ्यांमध्ये पाइक हा सर्वांत धोकादायक शिकारी मासा समजला जातो, असे वाचनात आले. तो भक्ष्याचा लांबवर पाठलाग करत नाही म्हणतात. मग त्याला शिकार साधते तरी कशी?

उत्तर : पाठलाग टाळता यावा अशीच त्याच्या शरीराची ठेवण आहे. युरोप, सायबेरिया, अलास्का आणि कॅनडातल्या गोड्या पाण्यात, तसेच बाल्टिक समुद्राच्या निमखाऱ्या किनारपट्टीत आढळणाऱ्या या लांबोड्या माशाचा पाठीवरचा पर आणि पोटाकडचा मागचा पर हे दोन्ही थेट शेपटीजवळ सरकलेले असतात. त्यामुळे झेप घेताना हे दोन पर आणि शेपटी मिळून एखाद्या रुंद वल्ह्यासारखे पाणी मागे ढकलतात. हिरवट अंगावर फिकट पिवळसर ठिपके असल्याने पाणवनस्पतींत तो सहजी दिसत नाही. छातीजवळचे पर जेमतेम हलवत तो एकाच जागी तरंगत राहतो, आणि भक्ष्य आटोक्यात आले की अंग इंग्रजी एस अक्षरासारखे वळवून क्षणार्धात सरळ करतो. हा आवेग फार थोडे अंतर टिकतो, आणि नेम चुकला तर पाइक बहुधा पुन्हा मागे लागत नाही.

त्याच्या बदकाच्या चोचीसारख्या चपट्या जबड्यात खालच्या बाजूला मोठे सुळे असतात, तर टाळूवर आत झुकलेल्या बारीक दातांच्या रांगा असतात. त्यामुळे तोंडात शिरलेल्या माशाला फक्त आतच सरकता येते. भक्ष्य तो बहुतेकदा आडवे पकडतो आणि मग फिरवून डोक्याकडून गिळतो. म्हणूनच आडव्या पकडीत न मावणारा रुंद मासा त्याला जड जातो. क्रूशियन कार्प जातीचे मासे तर पाइक असलेल्या तळ्यात वाढले की पाठीपोटाकडून अधिक रुंद होतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे. शिकारी समोर आहे म्हणून भक्ष्याने आपला आकारच बदलावा, याहून बोलका पुरावा पाइकच्या दराऱ्याला हवा कशाला?

प्रश्न : हा मासा बारीक काट्यांमुळे खायला त्रासाचा आणि हौशी मंडळी तर तो पकडून पुन्हा पाण्यात सोडतात. मग गळ टाकणाऱ्यांना त्याचे एवढे वेड का?

उत्तर : आकार हे एक कारण आहे. माद्या नरांपेक्षा बऱ्याच मोठ्या होतात आणि मीटरभर लांबी ओलांडतात. गळाने पकडलेल्या पाइकचा जागतिक विक्रम सुमारे २५ किलोचा असून तो १९८६ मध्ये जर्मनीत नोंदला गेला. परंतु माझ्या मते खरी ओढ वजनाची नाही. पाइक कृत्रिम आमिषाच्या मागोमाग नावेपर्यंत येतो, हातभर अंतरावर थबकतो, आणि काहीही न करता खाली निघून जातो. मासा दिसला, त्याने आमिष पाहिले, तरीही तो नाकारून गेला, हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले तो दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा उभा राहतो. कधी याच्या उलट घडते : आमिष पाण्याबाहेर काढता काढता, नेमके लक्ष दुसरीकडे असताना, काठापाशी झडप पडते. शिवाय हिवाळ्यात इतर अनेक मासे सुस्तावतात तेव्हाही पाइक खातो. अशा दिवसांत तळाशी ठेवलेला मेलेला मासा हे धातूच्या चकाकत्या, चमच्यासारख्या कृत्रिम आमिषापेक्षा अधिक भरवशाचे आमिष ठरते, कारण आयते मिळाले तर पाइक ते सोडत नाही.

आपण या छंदाकडे वळणार असाल, तर गळ आणि दोरी यांच्यामध्ये पोलादी तारेचा तुकडा अवश्य हवा. साधी दोरी दातांनी तुटते आणि तोंडात गळ अडकलेला मासा निसटून जातो. लांब टोकाचा चिमटा हाताशी असावा, आणि मेलेले आमिष वापरताना ओढ जाणवताच दोरी ताणावी, नाही तर गळ पोटापर्यंत गिळला जातो. पाइक दिसतो उग्र, पण तो नाजूक प्रकृतीचा मासा आहे. कल्ल्यांना धक्का लागला किंवा उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात त्याला फार वेळ झुंजवले, तर सोडल्यानंतरही तो मरू शकतो. त्यामुळे जाणकार उन्हाळ्यात त्याच्या वाटेला जात नाहीत. मोठ्या माद्या सोडून देण्यात निव्वळ भूतदया नसते. मोठे पाइक लहान पाइकना खातात, आणि हा धाक नाहीसा झाला की तळे बारक्या पाइकनी भरून जाते.

प्रश्न : पाइक अडीचशे वर्षांहून अधिक जगल्याची कथा खरी आहे का?

उत्तर : नाही. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३० मध्ये खुणेचे कडे अडकवून सोडलेला पाइक १४९७ मध्ये सापडला, अशी जर्मन आख्यायिका आहे. त्याचा म्हणून जपलेला सांगाडा मात्र अनेक माशांचे मणके जोडून बनवलेला निघाला. वीस वर्षांचा पाइकसुद्धा म्हातारा म्हणायचा.

प्रश्न : एवढे कौतुक असताना कॅलिफोर्नियात याच माशावर विषप्रयोग का केला गेला?

उत्तर : कारण तेथे तो मूळचा नव्हे. डेव्हिस सरोवरात कोणीतरी बेकायदा सोडलेले पाइक खालच्या नद्यांत उतरले असते, तर सामन आणि ट्राउट यांची पिल्ले त्यांच्या तोंडी सापडली असती. सरोवर पिण्याच्या पाण्याचा स्रोत असल्याने स्थानिकांनी कडाडून विरोध केला, तरी १९९७ मध्ये त्यात रोटेनोन हे मत्स्यविष सोडण्यात आले. दोनच वर्षांत पाइक पुन्हा दिसू लागले, आणि २००७ मध्ये तोच प्रयोग पुन्हा करावा लागला. अलास्कात अलास्का पर्वतरांगेच्या उत्तरेला आणि पश्चिमेला पाइक मूळचा रहिवासी आहे; दक्षिणेच्या ओढ्यांत मात्र तो माणसाने नेऊन सोडल्यामुळे पोचला, आणि तेथे सामनच्या रक्षणासाठी त्याला जाळी लावून काढून टाकले जाते.