कोहो-स्टीलहेडचा नकाशा: आधी मोऱ्या बघा

प्रश्न थोडक्यात असा: वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंडला मिळणाऱ्या एका छोट्या खोऱ्याचा नकाशा करायचाय, कोहो सॅमन आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट) या माशांसाठी. हाताशी लायडरचं (विमानातून लेसरने केलेल्या मोजणीचं) डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, आणि प्रवाहांचा सरकारी लेयर आहे. चढाच्या टक्क्यांवरून रेघा रंगवून झाल्यात, पण गाइड म्हणतात अजून बरंच बाकी आहे. शिवाय हीच पद्धत आपल्याकडे महाशीरला चालेल का?

गाइडांचं बरोबर आहे. तुमच्याकडे आत्ता आहे तो चढाचा नकाशा, माशाचा नाही.

एक दुरुस्ती आधीच करून घ्या. प्युजेट साउंडचा स्टीलहेड 2007 पासून आणि चिनूक सॅमन 1999 पासून संघराज्याच्या संरक्षित यादीत आहे, पण तिथला कोहो त्या यादीत नाही. 2005 मध्ये यादीत गेला तो लोअर कोलंबियाचा कोहो. कोहो आणि स्टीलहेड दोघांना 'संरक्षित' म्हणून एकाच रंगात घातलंत तर पहिल्याच बैठकीत कोणीतरी पकडेल.

आता मुख्य घोळ. लायडरला रस्त्याचा भराव दिसतो, भरावाखालची मोरी दिसत नाही. त्यामुळे संगणकाच्या लेखी रस्ता म्हणजे धरण. तो पाणी भरावाच्या कडेकडेने नेतो आणि शेजारच्या ओढ्यात सोडून मोकळा होतो. खरा ओढा मोरीच्या खाली कोरडा पडतो, शेजारचा उगाच फुगतो, आणि त्या आकड्यांवर तुम्ही अधिवास ठरवता. रस्त्याची रेघ ओढ्याला जिथे छेदते तिथे भराव डीईएममध्ये कापून घ्या आणि प्रवाह पुन्हा काढा. चढही दोन-तीन पिक्सेलांवर मोजू नका, आकडे वाटेल तसे उड्या मारतात. शंभर-दोनशे मीटरचा तुकडा धरा.

मग बूट घालून प्रत्येक मोरीवर जा. खालच्या तोंडाशी उभं राहून पाइपातलं पाणी डोहाच्या पातळीपासून किती वरून पडतंय ते मोजा. राज्याच्या मत्स्य विभागाच्या पद्धतीत हे अंतर 0.24 मीटरच्या वर गेलं, किंवा पाइपाचा उतार 1 टक्का भरला, की मोरी अडथळ्यात जमा. त्यातही मासा कितपत पार होऊ शकतो, हे 0 (पूर्ण बंद), 33, 67 आणि 100 टक्के (पूर्ण मोकळी) अशा पायऱ्यांत नोंदवतात. पाण्याच्या माऱ्याने पाइपाखालचा तळ खरवडत जातो, म्हणून बांधताना ठीक असलेली मोरी काही वर्षांनी अधांतरी लटकलेली सापडते. मोठा मासा कदाचित उडी मारून आत शिरेल, पण बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, हीही वर-खाली फिरते आणि तिला ते जमत नाही. हे नुसतं तांत्रिक नाही: 21 मूळनिवासी जमातींनी संघराज्याशी झालेल्या करारातल्या मासेमारीच्या हक्कावरून लढलेल्या खटल्यात राज्याला आपल्या मोऱ्या दुरुस्त करण्याचा आदेश 2013 मध्ये मिळाला, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 4-4 अशी फूट पडल्याने तो कायम राहिला. तुमच्या रकान्यांवर उद्या कोणाचा तरी निधी ठरेल.

नैसर्गिक हद्द सोपी आहे. 3.7 मीटरहून उंच धबधबा, किंवा सलग 160 मीटर 20 टक्के चढ, तिथे थांबा.

पुढचा भाग बहुतेक जण टाळतात. कोहोचं पिल्लू गोड्या पाण्यात वर्षभर किंवा त्याहून जास्त काढतं. अंडी खळाळाजवळच्या गोट्यांत, उन्हाळा थंड डोहात, आणि हिवाळ्यात मुख्य प्रवाहाचा लोंढा टाळून कडेच्या जुन्या पात्रांत, बीव्हरच्या तळ्यांत, अगदी शेताच्या चरांतसुद्धा. ऑगस्टमध्ये जो चर तुम्ही कोरडा म्हणून खोडाल, त्यात जानेवारीत पिल्लं असतात. म्हणून एक नाही, तीन थर करा, आणि हिवाळ्याच्या थरासाठी हिवाळ्यातच जा. नदीच्या पातळीपासूनची सापेक्ष उंची लायडरवरून काढलीत की बुजलेली पात्रं लख्ख दिसतात. स्टीलहेडचं गणित मात्र वेगळं ठेवा, तो कोहोपेक्षा बराच जास्त चढ चढतो.

उन्हाळ्यातल्या पाण्याच्या तापमानासाठी अमेरिकी वन खात्याचं नॉरवेस्ट मॉडेल आयतं आहे. दोन-चार लॉगर (तापमान नोंदवणारी यंत्रं) टाकून ताडून बघा. सात दिवसांच्या रोजच्या कमाल तापमानांची सरासरी हा तिथला चालू निकष, आणि मुख्य अधिवासाला मर्यादा 16 अंश सेल्सिअस.

खोऱ्यात हमरस्ता असेल तर आणखी एक रकाना वाढवा. सिएटलच्या लाँगफेलो क्रीकसारख्या शहरी ओढ्यांत गोटे बरे, वाट मोकळी, तरी कोहोच्या माद्या पोटात अंडी घेऊनच मरायच्या. 2020 मध्ये कारण सापडलं: टायरच्या झिजेतून येणारं 6पीपीडी-क्विनोन हे रसायन, पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरणारं. चढावरून हे कधीच कळणार नाही.

मासा हाताळणार असाल तर परवाने आधी काढा. अंड्यांच्या खळग्यांचे अचूक बिंदू जाहीर नकाशात टाकू नका.

महाशीरचं म्हणाल तर विचार तोच, ऋतू उलटा. चढणीचे मासे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत; महाशीरही पावसाळ्यातच अंडी घालतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याआधी काढतात आणि पाऊस ओसरल्यावर बसवतात, म्हणजे एकच बंधारा जुलैत बऱ्यापैकी मोकळा आणि डिसेंबरात बंद. त्याला 'अडथळा: हो/नाही' असा रकाना पुरत नाही. बरगे काढल्याच्या आणि बसवल्याच्या तारखा पाटबंधारे शाखेकडून मागा. आणि बरगे निघाल्यावरही खालच्या काँक्रीटच्या तळावरून पाणी किती उंचीवरून पडतं, ते पुराआधी एकदा मोजून घ्या.