साधी आवृत्ती घ्यावी की डीलक्स? आधी डब्यातली सिनेमाची डिस्क बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाळीसगावला राहता, घरी ४३ इंची ४के टीव्ही आणि पीएस४ (ब्ल्यू-रेही लावणारा सोनीचा गेम कन्सोल) आहे. एका इंग्रजी सिनेमाची साधी, एका डिस्कची ब्ल्यू-रे साडेआठशेला मिळते, आणि त्याच सिनेमाची ४के, ब्ल्यू-रे आणि बोनस अशा तीन डिस्कांची स्टीलबुक (पत्र्याच्या डब्यातली आवृत्ती) साडेतीन हजारांना. शिवाय वडिलांसाठी एका जुन्या हिंदी सिनेमाची डीव्हीडी घ्यायची आहे. तिथेही एक डिस्कची साधी आणि दोन डिस्कांची खास, अशा दोन आवृत्त्या. कोणती घ्यावी?

ब्ल्यू-रे साधी घ्या, डीव्हीडी दोन डिस्कांची घ्या. दोन्हीकडे उत्तर वेगळं का, ते सांगतो.

पीएस४च्या ड्राइव्हला ४के डिस्क वाचता येत नाही, पीएस४ प्रोलाही नाही. डिस्क ड्राइव्ह असलेला पीएस५, एक्सबॉक्स वन एस किंवा सिरीज एक्स, नाहीतर स्वतंत्र ४के प्लेअर लागतो. म्हणजे साडेतीन हजारांच्या डब्यातली सगळ्यात महागडी डिस्क तुमच्याकडे नुसती पडून राहील आणि तुम्ही बघाल ती आतली ब्ल्यू-रेच. अशा संचात बहुतेक वेळा जुनी, सुटी विकली जाणारी ब्ल्यू-रेच टाकलेली असते. नक्की करायचं असेल तर दोन्ही आवृत्त्यांच्या मागच्या कव्हरचे फोटो शेजारी ठेवा आणि ब्ल्यू-रेच्या रकान्यातली लांबी, चित्राचं प्रमाण, ध्वनीचे ट्रॅक आणि सबटायटलच्या भाषा ताडून बघा. चारही जुळलं तर डिस्क तीच, असं धरायला हरकत नाही. मग उरलेले साडेसव्वीसशे रुपये पत्र्याचा डबा आणि बोनस डिस्कसाठी आहेत.

पुढे पीएस५ घ्यायचा विचार असेल तरीही घाई नको. ४३ इंची टीव्ही आठ-नऊ फुटांवरून बघताना चांगली ब्ल्यू-रे आणि ४के यांच्या बारकाव्यातला फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. जाणवतो तो एचडीआरचा, म्हणजे उजेड आणि अंधार यांतल्या जास्त मोठ्या अंतराचा, आणि त्यासाठी टीव्हीत उजेडाची ताकद लागते. स्वस्त ४के टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर छापलेलं असतं, पण पडदा तेवढा उजळत नाही. आवाजाचंही तसंच. कव्हरवर अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज) लिहिलंय म्हणून जास्त पैसे देण्याआधी तुमचा साउंडबार कसा जोडलाय ते बघा. ऑप्टिकल वायरने जोडला असेल तर त्यातून जास्तीत जास्त डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसचा साधा ५.१ आवाजच जातो. लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता साठवलेल्या ट्रॅकसाठी एचडीएमआय जोडणी आणि तो ट्रॅक उलगडणारा अ‍ॅम्प किंवा साउंडबार हवा.

आता डीव्हीडी. इथे मात्र दुसऱ्या डिस्कला खरा अर्थ असतो, आणि त्याचं कारण जागा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. तीन तासांचा हिंदी सिनेमा ४.७ जीबीत कोंबला तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सरासरी साडेतीन मेगाबिट माहितीसुद्धा वाट्याला येत नाही. ८.५ जीबीत तोच आकडा सव्वासहापर्यंत जातो. साध्या आवृत्तीत त्याच डिस्कवर मेकिंग, ट्रेलर, गाण्यांच्या क्लिपा असं सगळं भरलेलं असेल तर सिनेमाच्या वाट्याला आणखी कमी येतं. दोन डिस्कांच्या आवृत्तीत हा सगळा पसारा दुसऱ्या डिस्कवर जातो आणि पहिली अख्खी सिनेमाला मिळते. फरक कुठे दिसतो? पाऊस, धूर, जत्रेतली गर्दी, घोड्यांच्या टापांनी उडणारी धूळ. अशा दृश्यांत कमी जागेची डिस्क चौकोनी ठोकळे दाखवते. दोन माणसं खोलीत बसून बोलताहेत अशा दृश्यावरून डिस्क कधीच पारखू नका, तिथे सगळ्याच बऱ्या दिसतात.

ब्ल्यू-रेत हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. ५० जीबीत तीन तास म्हणजे सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिट, तेवढ्यात सिनेमा ऐसपैस बसतो. म्हणूनच डीव्हीडीच्या काळात डीलक्सला जो अर्थ होता तो ब्ल्यू-रेत बराचसा पुठ्ठ्यावर आणि पत्र्यावर येऊन थांबलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण दोन डिस्का आहेत म्हणजे चांगलीच, असंही नाही. काही आवृत्त्यांत दुसऱ्या डिस्कवर फक्त गाणी आणि ट्रेलर असतात आणि पहिली जुनीच, एका थराची. ओळखायची सोपी रीत: डिस्क उलटी करून ट्यूबलाइटखाली धरा. एका थराची खालची बाजू चकचकीत चंदेरी दिसते, दोन थरांची बहुधा सोनेरी झाक मारते. कव्हरवर डीव्हीडी-५ किंवा डीव्हीडी-९ असं छापलेलं असेल तर कामच झालं, ९ म्हणजे दोन थर. कॉम्प्युटर असेल तर डिस्कची एकूण साइझ बघा. आणि एकाच डिस्कवर तीन सिनेमे असलेली डीव्हीडी वडिलांना चुकूनही देऊ नका. दोन थरांची असली तरी अडीच-अडीच तासांच्या तीन सिनेमांना सेकंदाला अडीच मेगाबिट येतात.

दुसरी तपासणी चित्राच्या चौकटीची. जुन्या साध्या डीव्हीडींमध्ये रुंद पडद्याचा सिनेमा ४:३ चौकटीत वर-खाली काळ्या पट्ट्यांसह बसवलेला असतो. आजच्या टीव्हीवर अशी डिस्क लावली की चारही बाजूंना काळं दिसतं आणि मधोमध छोटं चित्र. २.३५:१ च्या, म्हणजे उंचीच्या २.३५ पट रुंद सिनेमाला पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डिस्कच्या ५७६ ओळींपैकी अशा वेळी जेमतेम ३२७ ओळी मिळतात. १६:९ साठी बनवलेल्या, म्हणजे अ‍ॅनामॉर्फिक डिस्कवर ४३६. झूम करून पडदा भरता येतो, पण नसलेल्या ओळी झूम आणणार कुठून? कव्हरच्या मागे ‘१६:९’ किंवा ‘अ‍ॅनामॉर्फिक’ शोधा. नुसतं ‘वाइडस्क्रीन’ लिहिलं असेल तर ते दोन्ही प्रकारांना लावतात.

लांबी ताडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाल डीव्हीडीवर सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा २५ने चालवतात, त्यामुळे तो चार टक्के लवकर संपतो. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटं दाखवला म्हणून सहा मिनिटं कापली असं समजू नका. एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) डिस्क आणि ब्ल्यू-रेवर मूळ लांबी राहते. हा हिशोब लावूनही फरक उरला तर मात्र कट वेगळा आहे, आणि तिथे आवृत्ती निवडणं म्हणजे सिनेमाच निवडणं. ‘शोले’चं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९७५ला थिएटरात लागला त्यात शेवटी पोलिस येऊन ठाकूरला अडवतात, मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. वडिलांनी थिएटरात बघितलेला सिनेमाच त्यांना हवा असेल, तर जास्त लांबीची आवृत्ती त्यांच्यासाठी चांगली ठरेलच असं नाही. त्यांना विचारून घ्या. परदेशी सिनेमाच्या भारतीय डिस्कसाठी सेन्सॉरचं व्हिडिओ प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तिथेही लांबी बघणं शहाणपणाचं.

बोनस डिस्कबद्दल. दिग्दर्शकाची कॉमेंट्री तुम्ही खरंच ऐकणार असाल तर ती आधी साध्या आवृत्तीत शोधा. कॉमेंट्री हा सिनेमाच्याच डिस्कवरचा एक ऑडिओ ट्रॅक असतो, त्यामुळे ती बऱ्याचदा स्वस्त डब्यातही मिळून जाते. मेकिंग, वगळलेली दृश्यं, मुलाखती दुसऱ्या डिस्कवर जातात आणि त्यांना सबटायटल नसतात असं खूपदा होतं. उच्चार पटकन समजत नसतील तर ते दोन-तीन तास वाया. डिजिटल कॉपीच्या कोडची किंमत शून्य धरा, तो ठरावीक देशातच चालतो आणि त्याला मुदतही असते.

परदेशातून मागवत असाल तर रीजन, म्हणजे डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप, बघणं आलंच. डीव्हीडीत भारत रीजन ५, ब्ल्यू-रेत सी. ४के डिस्कवर रीजनचं कुलूप नसतं, पण त्याच डब्यातल्या ब्ल्यू-रेवर आणि बोनस डिस्कवर ए किंवा बीचं असू शकतं. तुमच्याकडे भारतातला पीएस४ असेल तर फक्त ए किंवा फक्त बी अशी डिस्क तो घेणार नाही. म्हणजे अशा संचातली एकही डिस्क तुमच्या घरी न लागण्याची शक्यता खरी आहे. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर डीव्हीडीचा रीजन बदलता येतो, पण पाचदाच. पाचव्यांदा जो ठेवाल तोच कायम.

आता आपल्या भागाचं. जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, डिस्कचं दुकान आता शोधावं लागतं, म्हणून माल पार्सलनेच येतो. मार्च ते जून डीलक्स डबे मागवणं शक्यतो टाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या पुढे जातो आणि पार्सल पत्र्याच्या गोदामात दिवसभर तापत राहतं. डिस्क त्याने वितळत नाही. पण पुठ्ठ्याच्या डीलक्स डब्यात प्लॅस्टिकचा ट्रे डिंकाने चिकटवलेला असतो. तो सुटला की डिस्क आत मोकळी फिरते आणि घासते. पुठ्ठ्याच्या खिशात डिस्क सरकवलेली असेल तर ती काढता-घालतानाही ओरखडते, डिंकाचे डाग पडतात ते वेगळंच. असा डबा घेतलाच तर डिस्का लगेच काढून साध्या प्लॅस्टिकच्या केसमध्ये ठेवा. साधी आवृत्ती त्याच केसमध्ये येते, हा तिचा मोठा फायदा कोणी सांगत नाही. घरी केस उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. धाब्याच्या खोलीत ठेवता आल्या तर उत्तम. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट आणि पत्र्याखालचा माळा या दोन जागा नकोतच, तिथे एका बाजूने तापून डिस्क वाकते.

अहिराणी गाण्यांच्या, विनोदी नाटुकल्यांच्या जुन्या व्हीसीडी कोणाकडे असतील तर हेच त्यांनाही लागू, उलट जास्तच. व्हीसीडीत माहितीचा थर थेट लेबलच्या खाली असतो, त्यामुळे वरच्या बाजूचा ओरखडा किंवा बॉलपेनने लिहिलेलं नाव खालच्या ओरखड्यापेक्षा घातक. त्यांची डीलक्स आवृत्ती कधी निघणार नाही, तेव्हा जी प्रत आहे ती हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा.

पार्सल आलं की फोडण्याआधी कानाशी धरून हलवा. खुळखुळ आवाज आला तर मधली पकड तुटलीय, फोडतानाचा व्हिडिओ करा. डिस्क काढताना कडेला धरून ओढू नका. मधली पकड अंगठ्याने दाबायची आणि मग उचलायची, नाहीतर भोकापाशी बारीक तडा जातो आणि तो वाढत जातो. डीव्हीडीची खालची बाजू निळसर-जांभळी दिसली तर ती घरी बर्न केलेली नक्कल आहे, छापील डिस्क नाही.

मग लावून बघा, पण नुसती सुरुवात नाही. डिस्कवरची माहिती आतून बाहेर जाते आणि हाताळताना खराब होते ती बाहेरची कड. एका थराच्या भरलेल्या डिस्कवर त्या कडेला सिनेमाचा शेवट असतो. दोन थरांच्या डिस्कवर पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत वाचला जातो, म्हणजे कड येते सिनेमाच्या मध्याला. तेव्हा एका थराची असेल तर शेवटची वीस मिनिटं बघा, दोन थरांची असेल तर मधली. डीव्हीडी मध्यावर अर्धा सेकंद थबकली तर तो थर बदलल्याचा खंड आहे, दोष नव्हे. त्यापेक्षा जास्त अडकली, ठोकळे आले, तर मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ रेषेत पुसा आणि दुसऱ्या प्लेअरवर लावा. दोन्हीकडे त्याच मिनिटाला अडकली तर डिस्क सदोष आहे. तो मिनिट टीव्हीवर दिसतानाचा फोटो काढा आणि परतीच्या अर्जाला जोडा.