टोचतंय, हा भास नाही

"वय ४८. तीन महिन्यांपूर्वी लघवी गळण्यावर पट्टीचं ऑपरेशन झालं. आता खोकला, शिंक, जिना, कशाचीच भीती नाही. पण त्यानंतर दोनदा जवळ आलो, दोन्ही वेळा मला दुखलं. हे म्हणाले, 'काहीतरी टोचतंय.' डॉक्टर म्हणतात ऑपरेशन उत्तम झालं. त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगू?"

ताई, तुमच्या मिस्टरांनी म्हटलंय तेच वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. त्यातच त्यांना हवी ती माहिती आहे.

ही पट्टी म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याची जाळी. योनीच्या पुढच्या भिंतीला लहानसा छेद देऊन ती मूत्रनलिकेखाली बसवतात. क्वचित तो छेद नीट भरत नाही आणि जाळीची कड उघडी राहते. मग पुरुषाला टोचतं, बाईला दुखतं, कधी स्राव जातो, कधी संबंधानंतर रक्ताचा डाग दिसतो. तपासताना डॉक्टरांच्या बोटाला ती कड लागते. उघडा भाग लहान असेल तर कधी योनीत लावायच्या इस्ट्रोजेन मलमावर भागतं, नाहीतर तेवढा तुकडा काढतात. तपासणी होईपर्यंत संबंध नकोत.

जाळी ठीक निघाली तरी विषय संपत नाही. पाळी जायच्या वयातला कोरडेपणा असू शकतो. त्यावर मलम आणि जेल आहे. मला जास्त शंका येते ती दुसरीच. आधी बाथरूमला जाऊन यायचं, खाली टॉवेल घालायचा आणि ऐन वेळी गळू नये म्हणून सगळं अंग आवळून धरायचं, असं किती वर्षं केलंत? गळणं थांबलं, पण ते योनीभोवतीच्या त्या आवळलेल्या स्नायूंना कोणी कळवलं? ते अजून आवळलेलेच असतील तर दुखणारच. अशा वेळी स्वतःच्या मनाने आकुंचनाचे व्यायाम वाढवू नका. आधी सैल सोडायला शिकावं लागतं, आणि ते शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात.

या ऑपरेशननंतर बहुतेकींचं शरीरसुख पूर्वीइतकंच राहतं किंवा सुधारतं. संबंधाच्या वेळचं गळणंही अनेकींचं थांबतं. म्हणून 'आता असंच चालायचं' असं धरून बसू नका.

डॉक्टरांचं 'उत्तम' बहुधा खोकल्यावर गळत नाही एवढ्यापुरतं असतं. बाकीचं ते विचारतीलच असं नाही. तोंडून निघत नसेल तर चिठ्ठीवर लिहा, 'संबंधाच्या वेळी दुखतं, नवऱ्याला टोचतं', आणि फाइलच्या पहिल्या पानाला टाचून द्या.