सिग्नल्स मिळाली म्हणून तोंड पाडू नका

भाच्याला आयएमएतून (डेहराडूनच्या लष्करी अकादमीतून) इन्फंट्रीऐवजी सिग्नल्स, म्हणजे लष्कराची संदेशवहनाची कोर मिळाली, आता तो जनरल होणार का, असा तुमचा प्रश्न. मी याच कोरमधून कर्नल म्हणून निवृत्त झालो. माझ्या हुद्द्यापुढे कंसात 'टीएस' लागायचं, म्हणजे टाइम स्केल. निवड मंडळात राहिलेल्याला २६ वर्षांनी मिळतो तो कर्नल. त्यामुळे वर गेलेले आणि वाटेत थांबलेले, दोन्ही मला नीट माहीत आहेत.

आधी एक गल्लत काढू. तुम्ही सिग्नल्स, एएससी (रसद आणि वाहतूक), ऑर्डनन्स (शस्त्रं, साहित्य पुरवणारे) सगळे एकाच पंगतीत बसवलेत. सिग्नल्स ही 'आर्म', म्हणजे लढाईत थेट साथ देणारी, बाकीच्या 'सर्व्हिसेस', म्हणजे पुरवठा सांभाळणाऱ्या. सिग्नल्सवाला निवडला गेला तर जनरल केडरमध्ये, म्हणजे वरच्या अधिकाऱ्यांच्या सामाईक गटात जाऊन कोरबाहेरच्या नेमणुका घेऊ शकतो. एएससीवाल्याला ती वाट नाही. त्याचं शिखर डीजीएसटी (रसद-वाहतुकीचा महासंचालक), आपलं सिग्नल ऑफिसर-इन-चीफ, दोघेही लेफ्टनंट जनरल. लष्करप्रमुखपद म्हणाल तर इंजिनिअर्सलाही ते २०२२ मध्ये जनरल मनोज पांडे यांच्या रूपानं पहिल्यांदा मिळालं. सिग्नल्सला अजून नाही.

कॅप्टन २ वर्षांनी, मेजर ६, लेफ्टनंट कर्नल १३. इथपर्यंत परीक्षा दिल्या आणि काही भानगड केली नाही तर माणूस पोचतोच. खरी चाळणी कर्नलच्या निवड मंडळाला.

आणि तिथं सिग्नल्सची गंमत आहे. डिव्हिजनमध्ये इन्फंट्रीच्या पलटणी अनेक, सिग्नल रेजिमेंट एकच. तिचा सीओ, म्हणजे रेजिमेंटचा प्रमुख, थेट जीओसींच्या, म्हणजे डिव्हिजनच्या प्रमुखांच्या नजरेत. वाळवंटातल्या एका एक्सरसाइजमध्ये रणगाड्याच्या पट्ट्याखाली आमची केबल तुटली आणि जीओसींचा फोन ११ मिनिटं बंद पडला. लाइन पार्टी, म्हणजे केबल टाकणारी-जोडणारी जवानांची तुकडी धावली, जोड मारला, पण ती ११ मिनिटं आमच्या सीओसाहेबांना वर्षभर ऐकावी लागली. आधीचे १२ दिवस लाइन जिवंत होती, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

रसदीतही तेच, फक्त घड्याळाऐवजी कॅलेंडर. झोजिला खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत लडाखचं हिवाळ्याचं रेशन, केरोसीन, दारूगोळा वर चढलेला लागतो. ऑक्टोबरमध्ये जाग आली तर उपयोग नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात रेल्वे त्रिपुरात धर्मनगरलाच संपत होती. पुढे आगरताळ्याकडचा साठा डोंगरी रस्त्यानं, ट्रकांनी. ४ कोर (इथं कोर म्हणजे अनेक डिव्हिजनांची फौज) डिसेंबरमध्ये ढाक्याच्या वाटेवरच्या मेघना नदीपार गेली ती आधीच्या महिन्यांत भरलेल्या त्या साठ्याच्या जोरावर. तिचे कमांडर सगतसिंगांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ते ट्रक मोजणाऱ्या एखाद्या मेजरचं ऐकलंय कधी?

भाच्याला म्हणावं, महूला, सिग्नल्सच्या प्रशिक्षण संस्थेत, यंग ऑफिसर्स कोर्स मन लावून कर, पण युनिटमध्ये गेल्यावर पहिलं वर्ष लाइन पार्टीबरोबर काढ. सुभेदारसाहेब जे शिकवतात ते महूला शिकवत नाहीत. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची परीक्षा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून टाळू नकोस. मी दोनदा टाळली होती, म्हणून तो कंस.

आणि घरात रोज जनरल जनरल करू नका हो. कर्नल ५४ ला निवृत्त होतो, मेजर जनरल ५८ ला. पोरगं आत्ता बावीस-तेवीसचं असेल.